लेक बाळंतपणाला माहेरी येतीये? मग आधी बॅरल घासा

मागच्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण सातवा लागल्यावर पुण्याहून माहेरी आली. माहेर म्हणजे तासगाव तालुक्यातलं गाव, मी सांगलीत, त्यामुळं जाऊन येऊन सगळी तयारी मीच आणि आईनं केलेली. अळीव आणले, डिंक आणला, गादी नवीन भरून घेतली, डोहाळजेवणाची हिरवी साडी सुद्धा घडी मोडून इस्त्री करून ठेवली. न्हाणीघरामागं निळं बॅरल आहे ते मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अकराव्या दिवशी पोरीला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, डेंग्यू.

सगळं नीट पार पडलं हे आधीच सांगते, भाचा आता रांगतोय आणि हाताला लागेल ते तोंडात घालतोय. पण ते नऊ दिवस आमचं काय झालं ते आम्हालाच माहीत. मी डॉक्टर नाही. दवाखान्यात जे विचारून विचारून समजून घेतलं आणि नंतर जे वाचून काढलं, ते इथं लिहितीये, कारण आमच्या भागात पोरगी बाळंतपणाला येते ती बऱ्याचदा नेमकी डासांच्या सीझनमधे येते आणि घरच्यांना वाटतं की संध्याकाळी दारं लावली, कॉईल पेटवली की काम झालं.

पहिलं तर डास कुठला ते समजून घ्या. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका हे तिन्ही एकाच डासाकडून येतात, एडिस नाव आहे त्याचं, काळा, पायावर पांढरे पट्टे. हा रात्री नाही, दिवसा चावतो. सगळ्यात जास्त सकाळी ऊन वर यायच्या सुमारास आणि मग दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत. म्हणजे आपण दारं लावतो तोपर्यंत त्याचं जेवण उरकलेलं असतं. आणि गरोदर बाई घरात झोपते कधी, तर दुपारी, जेवून, मच्छरदाणी न लावता, पाय उघडे टाकून. आमची धाकटी तशीच झोपायची, सोप्यात, दार उघडं, वारा छान यायचा म्हणून.

दुसरं, हा गटारातला डास नाही. गटारातला वेगळा, तो हत्तीरोगवाला. आपण ग्रामपंचायतीला, महापालिकेला शिव्या घालतो की गटार तुंबलंय म्हणून डेंग्यू झाला, (गटार तुंबलेलं असतंच, त्याबद्दल शिव्या घालाच) पण डेंग्यूचा डास आपल्या घरच्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ दहा दिवस पुरतात. मादी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, परत पाणी आलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, घासायलाच लागतं. हे मला माहीतच नव्हतं, आई बॅरल रिकामं करायची, परत भरायची, आणि आम्हाला वाटायचं झालं स्वच्छ.

आणि पावसाचाच प्रश्न आहे असंही नाही. आमच्याकडं नळाला पाणी दोन तीन दिवसातनं एकदा, जत आटपाडी कवठेमहांकाळकडं उन्हाळ्यात टँकरवर, त्यामुळं प्रत्येक दारात बॅरल, टिप, रांजण, हौद. पाणी नसलेल्या गावात सुद्धा डेंग्यू होतो तो ह्यामुळंच. नदीकाठचं वेगळं, २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलं ते ओसरल्यावर अंगणात जे भंगार, तुटकी भांडी, टायर, ताडपत्र्या पडून राहिल्या त्यात आठवडाभरात अळ्या. आयर्विन पुलावर ४५ फूट म्हणजे धोका हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं, बादलीतल्या चार बोटं पाण्यातला धोका कुणाला दिसत नाही.

आता काय करायचं ते.

पोरगी यायच्या पंधरा दिवस आधी सुरू करा, आल्यावर नको, कारण आल्यावर पाहुणेच सरत नाहीत. पाणी साठवायची सगळी भांडी एकदा पूर्ण रिकामी करा, आतून नारळाच्या शेंडीनं किंवा तारेच्या घासणीनं घासा, जिथपर्यंत पाणी असतं तिथं एक रेघ दिसते बघा, ती रेघ मुख्य, मग उन्हात पालथं टाका. भरल्यावर तोंडाला जुनी सुती साडी दुहेरी करून टायर ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधा. बॅरलची प्लॅस्टिकची झाकणं फटी ठेवतात, तांब्या घ्यायला अर्धवट उघडी राहतात, त्यापेक्षा कापड बरं. आणि आठवड्यातला एक वार ठरवून टाका. आरोग्यवाले त्याला कोरडा दिवस म्हणतात, आमच्याकडं नळाचं पाणी ज्या दिवशी येतं त्याच्या आदल्या संध्याकाळी करतो, म्हणजे पाणी वाया जातंय अशी आईची कुरकुर नसते.

जे रिकामं करता येत नाही, उदाहरणार्थ मोठा हौद, विहीर, त्यात गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात, नाहीतर आशाताईंना सांगा, त्या आरोग्य सेवकाला सांगतात. ते लोक कधीकधी पाण्यात अ‍ॅबेट नावाचं औषध टाकतात, ठरलेल्या प्रमाणात असतं, ते गेल्याबरोबर बॅरल ओतून देऊ नका, आमच्या गल्लीत निम्मी घरं हेच करतात. गुरांची दगडी डोण मात्र आठवड्याला घासाच, म्हशीच्या तोंडानं पाणी हलतं म्हणून अळी होत नाही हा गैरसमज आहे.

लपलेल्या जागा जास्त त्रास देतात. फ्रिजच्या मागचा ट्रे, बंद पडलेला कूलर, कुंडीखालची ताटली, मनी प्लँटची बाटली, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं, गच्चीवर पडलेले टायर, नारळाच्या करवंट्या, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं. आमच्याकडं सापडलं कुठं माहितीये का, द्राक्षाच्या औषधाचे रिकामे ड्रम आणि ब्लोअरची जुनी टाकी, शेडच्या मागं उघडी पडलेली, पावसाचं पाणी भरलेलं, टॉर्च मारला तर आत अळ्या वळवळतायत. बागायतदार घर असेल तर शेड आधी बघा. टॉर्च मारून बघायची सवय फार चांगली, अळी प्रकाश पडला की खाली सूर मारते, लगेच कळतं.

हा डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा दोनेकशे मीटरच्या आतच फिरतो. त्यामुळं शेजारच्या दोन चार घरांनाही सोबत घ्यायला लागतं, हे जरा नाजूक काम आहे, भांडणं होतात. आईनं शेजारच्या काकूंना "तुमची टाकी घाण" असं न म्हणता "आमची लेक येतीये, तेवढं बॅरल बांधून घ्या की" म्हणून सांगितलं तर त्यांनी स्वतःहून गच्ची सुद्धा झाडली.

पोरीची खोली. खिडक्यांना वेल्क्रोवाली जाळी बसवा, मापं घेऊन करून देणारे सांगलीत, मिरजेत ढिगानं आहेत. दिवसा झोपताना मच्छरदाणी, पंखा फुल. लांब बाह्यांचं, सैल, फिक्या रंगाचं कापड, घोट्यापर्यंत पाय झाकलेले. उघड्या अंगाला डासाचं क्रीम, ओडोमॉस वगैरे, डब्यावर लिहिलंय तेवढंच आणि तेवढ्याच वेळा, डोळ्याला तोंडाला लागू न देता, आणि झोपायच्या आधी धुवून. गरोदरपणात क्रीम लावू नये असं बऱ्याच आज्ज्यांचं म्हणणं असतं, पण डीट (डास लांब ठेवणारं औषध) असलेली क्रीमं लेबलवर सांगितल्याप्रमाणं वापरली तर चालतात, चावून घेण्यापेक्षा हजार पटीनं बरं. शंका असेल तर तपासणीला जाताना ट्यूबच पिशवीत टाकून न्या आणि डॉक्टरांना दाखवा. कॉईल बंद खोलीत अजिबात नको, तो धूर तिच्या छातीत जातो, कडुनिंबाचा किंवा शेणीचा धूर सुद्धा तसाच. आणि मोबाईलमधलं डास पळवायचं अ‍ॅप, दाजींनी हौसेनं टाकलेलं, ते काही करत नाही, नुसती बॅटरी खातं. धूर फवारणीची गाडी आली की लोक खूश होतात, पण त्यानं त्या वेळी उडत असलेले डास मरतात, अळ्या तशाच, दोन दिवसात परत नवीन.

एवढं करून पण ताप येऊ शकतो. तर ताप आल्यावर.

पहिलं काम, भिंतीवरच्या कालनिर्णयवर ताप आला तो दिवस आणि वेळ लिहा. हसू नका, दवाखान्यात प्रत्येक डॉक्टरनं हेच विचारलं, कितवा दिवस, आणि आम्ही तिघी तीन उत्तरं देत होतो. कुठली टेस्ट करायची, धोका कधी, घरी कधी सोडायचं, सगळं त्या दिवसाच्या हिशोबावर चालतं.

गरोदर बाईचा ताप एक दिवस सुद्धा अंगावर काढायचा नाही. जिथं नाव घातलंय तिथं त्याच दिवशी दाखवा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या डोसनं, आणि ती गोळी घ्यायला घाबरू नका, चढलेला ताप पोटातल्या बाळाला जास्त वाईट. गावातल्या डॉक्टरांकडं गेलं की अंगदुखीचं एक इंजेक्शन ठोकतात, ते मागू नका आणि देऊ पण देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम, अ‍ॅस्पिरिन ह्या सगळ्यानं रक्तस्राव वाढायची भीती असते. आणि एक गोष्ट जी आमच्या लक्षातच आली नव्हती: बऱ्याच गरोदर बायकांना बीपीच्या भीतीनं इकोस्प्रिन चालू असते, रोज रात्रीची छोटी गोळी. ती अ‍ॅस्पिरिनच आहे. डेंग्यूचा संशय आला की त्याच दिवशी फोन करून विचारा की ही बंद करायची का, स्वतःच्या मनानं चालू पण ठेवू नका आणि बंद पण करू नका.

टेस्टचं असं आहे. तापाच्या पहिल्या पाच दिवसात एनएस१ (विषाणूचाच अंश शोधणारी), त्यानंतर आयजीएम (विषाणूशी लढायला अंगानं तयार केलेले घटक शोधणारी). दुसऱ्या दिवशी आयजीएम करून निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही, आणि एनएस१ निगेटिव्ह आली तरी लक्षणं तशीच असतील तर डॉक्टर डेंग्यू समजूनच चालतात. सोबत मलेरियाची पण करून घ्या, आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, रोज.

सीबीसीमधे सगळे फक्त प्लेटलेट बघतात. आमच्याकडं त्याला "पांढऱ्या पेशी" म्हणतात, ते चूक आहे, पांढऱ्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट वेगळ्या, रिपोर्टवर दोन्ही वेगवेगळ्या ओळीत असतात, आमच्या मामानं फोनवर आकडा ऐकून सगळ्या नातेवाईकांना भलताच सांगितला होता. पण मला जे तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं की प्लेटलेटपेक्षा पीसीव्हीचा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के त्याचा, आकडा बघायचा. डेंग्यूत जीव जातो तो जास्त करून रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपून, आणि तसं झालं की रक्त घट्ट होतं, पीसीव्ही वर चढतो. आता गरोदरपणात रक्त मुळातच पातळ झालेलं असतं, पीसीव्ही तीसच्या आसपास असू शकतो. तो ३० वरनं ३६ वर गेला तर कागदावर नॉर्मल दिसतो, पण तो वीस टक्क्यांनी चढलाय, म्हणजे धोक्याचं. हे कळायला आधीचा रिपोर्ट हाताशी पाहिजे. म्हणून तपासणीची फाईल, माता बाल संरक्षण कार्ड, आधीचे सगळे सीबीसी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. आमची फाईल पुण्यात राहिली होती, दाजींनी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, त्यातले दोन हललेले.

डेंग्यू पॉझिटिव्ह आला आणि बाई गरोदर असेल तर प्लेटलेट चांगल्या असल्या तरी अ‍ॅडमिट करून घ्यायकडं डॉक्टरांचा कल असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात सुद्धा गरोदर बाई वेगळ्या, जास्त लक्ष ठेवायच्या गटात आहे. "एवढं काय झालंय, पैसे काढायला ठेवून घेतात" असं म्हणणारा एक तरी नातेवाईक निघतोच. त्याला चहा द्या आणि घरी पाठवा. पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला तपासणी, औषध, रक्त, ने-आण हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, गाडीसाठी १०२, अर्जंट असेल तर १०८.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्ही जवळजवळ चुकवलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी धाकटीचा ताप उतरला. रिपोर्टमधे सगळं ठीक, तिला घरी पाठवायचा आमचाच आग्रह चाललेला. आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली, मऊ वरणभात केला, सगळ्यांचे चेहरे सैल झाले. पण पोरगी उठून बसेना. पोटात दुखतंय म्हणत होती, दोनदा उलटी, हातपाय गार. आई म्हणाली अ‍ॅसिडिटी असंल, काकू म्हणाल्या कळा असतील, सातव्यातच? डॉक्टरबाईंनी बघितलं आणि आमच्याकडं न बघता नर्सला भराभर सूचना द्यायला लागल्या. डेंग्यूचा खरा धोका ताप असताना कमी, उतरल्यावर जास्त असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि त्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास रक्तातलं पाणी झिरपायचे. ताप उतरला की आपण झोपतो, तेव्हाच जागं राहायचं असतं.

ह्या दोन दिवसात काय बघायचं: पोटात सतत आणि जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यातनं नाकातनं किंवा अंगावरनं रक्त, शौच काळी, बाई एकदम सुस्त किंवा उलट उगाच कासावीस, हातपाय गार आणि घामट, श्वास लागणं, आणि लघवी सहा तासात झालीच नाही. ह्यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. गरोदर बाईत हे ओळखायला अवघड जातं कारण पोट दुखणं, उलटी, दम लागणं हे तिला तसंही होत असतं, नाडी तशीही जोरात असते. म्हणून "गरोदरपणात होतंच" हे वाक्य त्या आठवड्यापुरतं घरात बंद.

पाणी पाजत राहायचं, ओआरएस, शहाळं, ताक, पेज, थोडं थोडं पण सारखं, आणि वहीत लिहायचं की किती प्यायली आणि लघवीला किती वाजता गेली. बीपी वाढलेलं असेल, पायाला सूज असेल तर किती पाजायचं ते डॉक्टरांना विचारूनच. आणि सलाईनचा हट्ट धरू नका. आमच्याकडं "एक बाटली जास्त लावा की, ताकद येईल" ही मागणी असतेच, पण बाहेर झिरपलेलं पाणी बरं होताना परत रक्तात येतं, त्यात वरनं जास्तीचं सलाईन गेलं की फुप्फुसात पाणी होतं. बाटली किती, कधी थांबवायची, ते मोजून मापून करतात.

प्लेटलेट वाढवायला म्हणून काय काय आलं सांगू? किवीची अख्खी पेटी, ड्रॅगनफ्रूट, आमच्या शेतात ड्रॅगनफ्रूट असताना सुद्धा लोकांनी विकत आणलं, कुणीतरी शेळीचं कच्चं दूध, आणि पपईच्या पानाचा रस एका दारूच्या बाटलीत. फळं खाऊ द्या, हरकत नाही, त्यानं प्लेटलेट वाढत नाहीत इतकंच, त्या आपोआप वाढतात. पपईच्या पानाचा रस पोटुशी बाईला नको, ह्या वेळी आज्जी आणि डॉक्टर दोघांचं एकमत झालं. शेळीचं किंवा कुठलंच दूध न उकळता नको, त्यातनं वेगळेच ताप येतात. आणि प्लेटलेटची पिशवी प्रत्येकाला लागत नाही, नुसता आकडा कमी आला म्हणून चढवत नाहीत, रक्त येत असेल किंवा आकडा फारच खाली गेला असेल, किंवा बाळंतपण जवळ असेल, तेव्हा डॉक्टर ठरवतात.

बाळाचं काय, हा प्रश्न तर सगळ्यांच्या डोळ्यातच असतो, विचारत कुणी नाही. डेंग्यूनं बाळात व्यंग होतं असं सिद्ध झालेलं नाही. पण गर्भपात, दिवस भरायच्या आधी बाळंतपण, वजन कमी, आणि बाळंतपणात जास्त रक्त जाणं हे धोके असतात. सातवा लागल्यावर बाळाची हालचाल मोजायला शिकवतात, डाव्या कुशीवर पडून, दोन तासात दहा तरी. कमी वाटली, पोट घट्ट होऊन सुटायला लागलं, पाणी गेलं, की लगेच सांगायचं. बाळंतपण जर तापाच्याच आठवड्यात आलं तर शक्य असेल तेवढं डॉक्टर लांबवतात, आणि नाहीच लांबलं तर जिथं रक्तपेढी, आयसीयू आणि बाळाचे डॉक्टर एका छताखाली आहेत तिथंच करायचं. आमच्या भागाचं नशीब की मिरज सांगली जवळ आहे, दवाखान्यांचीच गावं ती, पण जतवरनं रात्री दोनला निघायचं म्हटलं तर जवळ नाही. म्हणून ताप उतरायच्या आधीच हलवून ठेवा, उतरल्यावर पळापळ नको.

चिकुनगुनियाचं थोडक्यात. २००६ च्या साथीत आमचं अख्खं गाव वाकून चालत होतं, त्या नावाचा अर्थच वाकवणारा असा आहे. आईला सांधे धरतात, महिनोन्महिने दुखतात, पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांमधे बाळाला त्यातनं फारसं जात नाही. धोका आहे तो अगदी शेवटच्या दिवसात, बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल तर. तेव्हा जवळजवळ निम्म्या बाळांना लागण होऊ शकते आणि सिझर केलं तरी ती टळत नाही. बाळ जन्मताना छान असतं आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप, दूध ओढत नाही, अंगावर पुरळ, सुस्ती. म्हणून अशा बाळाला आठवडाभर तरी दवाखान्याच्या नजरेखाली ठेवायचं, "आमच्याकडं पाचवी घरीच पुजतात" म्हणून घाईनं घरी आणायचं नाही. आईला बाळंतपणाच्या आसपास डेंग्यू झाला असेल तर तिच्या बाळालाही हेच लागू.

झिका वेगळा आहे. त्यात आईला काहीच होत नाही, निदान काही जाणवत नाही, दहातल्या आठ जणांना लक्षणंच नसतात, बाकीच्यांना बारीक ताप, पुरळ, डोळे लाल, सांधे जरा दुखतात, चार दिवसात बरं. आणि बाळाला मात्र डोक्याची, मेंदूची वाढ खुंटण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ब्राझीलमधे २०१५ ला अशी लहान डोक्याची बाळं जन्मायला लागली तेव्हा जग हादरलं, १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. आपल्याला ते लांबचं वाटायचं. मग २०२१ ला पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला रुग्ण सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात साथ आली, त्यात गरोदर बायकाही होत्या. पुणं म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या जावयांची नोकरीची जागा.

म्हणून हे स्पष्ट लिहिते, कारण तोंडानं कुणी सांगत नाही. झिका डासाशिवाय नवरा-बायकोच्या संबंधातनं पण पसरतो, आणि पुरुषाच्या वीर्यात तो बरेच दिवस राहतो, त्याला ताप आलेला नसला तरी. जावईबापू साथ असलेल्या शहरातनं दर शनिवारी येत असतील तर बाळंतपण होईपर्यंत कंडोम, नाहीतर लांब. आमच्याकडं हे आईनं वहिनीला, वहिनीनं मला आणि मी धाकटीला सांगितलं, असा निरोप फिरला, दाजींना शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं. दिवस राहायच्या आधीचं पण आहे: पुरुष साथीच्या भागातनं आला असेल तर तीन महिने, बाई आली असेल तर दोन महिने थांबा म्हणतात.

तुमच्या भागात झिका सापडला आणि गरोदर बाईला ताप किंवा पुरळ आलं, तर रक्ताबरोबर लघवीचा पण नमुना घ्यायला सांगा, लघवीत तो जास्त दिवस सापडतो. तपासणी पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) होते, नमुना सरकारी यंत्रणेमार्फत जातो, त्यासाठी आरोग्य केंद्रात किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं बोला. पॉझिटिव्ह आलं म्हणजे बाळाला झालंच असं धरून बसू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की लागण झालेल्या आयांच्या शंभर बाळांमधे साधारण पाच ते पंधरा बाळांना त्रास दिसतो, पहिल्या तीन महिन्यातली लागण जास्त वाईट. मग दर तीन चार आठवड्यांनी सोनोग्राफी, त्यात बाळाच्या डोक्याचं माप आणि मेंदू नीट बघतात, आणि जन्मल्यावर डोकं नॉर्मल दिसलं तरी डोळे, कान तपासून घ्यायचे, पुढं वर्षभर वाढीवर लक्ष. ह्यावर औषध नाही, गरोदर बाईला द्यायची लस नाही, ना झिकाची ना डेंग्यूची, त्यामुळं परत बॅरलपाशीच यायला लागतं.

आणि हो, ज्याला ताप आलाय त्याला पण मच्छरदाणीत ठेवा, दिवसा. त्याला चावलेला डास तुमच्या गरोदर बाईला चावतो. आमच्याकडं धाकटीच्या आधी भाऊ तापानं पडला होता, व्हायरल असेल म्हणून सोडून दिलं, टेस्ट केलीच नाही. एकदा डेंग्यू झाला म्हणजे परत होत नाही असंही नाही, चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा झाला तर जास्त जोरात होऊ शकतो, म्हणून पूर्वी कधी झाला असेल तर पहिल्याच तपासणीला सांगून ठेवा.

बाळ झाल्यावर अंगावरचं दूध चालू ठेवायचं, तिन्ही आजारात, बाळ ओढतंय आणि आईला जमतंय तोपर्यंत. पहिले दोन महिने बाळाच्या अंगाला क्रीम अजिबात लावायचं नाही, पाळण्यावर जाळी, दिवसा सुद्धा, आणि जाळीची कडा गादीखाली खोचलेली. बारशाला आमच्याकडं दीडशे माणूस आलं, मांडवात पाण्याची चार टिपं भरून ठेवली होती, कार्यक्रम संपल्यावर ती कुणाची म्हणून तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी भावानं पालथी केली, आता ते काम त्याच्याकडंच, दर गुरुवारी.